उंबरठ्यावरची खुर्ची

संशोधन केंद्रातला फ्रीजर शेवटचे आचके देत होता. आत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी अनेक वर्षं संशोधनासाठी जपलेले जंतू होते. नव्या फ्रीजरला आजच खरेदी समितीची मंजुरी हवी होती.

"विषय तुमचाच, बाई. नियमाप्रमाणे चर्चेच्या वेळी बाहेर थांबा," सभेत समितीचे अध्यक्ष म्हणाले.

समितीच्या सदस्य असूनही बाई बाहेर गेल्या.

"अहो, गणपूर्ती मोडली! एक सदस्य कमी पडतोय. आत या," सचिवांनी हाक मारली.

बाई आत आल्या.

"पण तुमच्यासमोर चर्चा कशी करणार?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी खुर्ची उचलून थेट उंबरठ्यावर ठेवली आणि सभेकडे पाठ करून बसल्या.

"मोजायला आत, ऐकायला बाहेर. उरका आता!"

सचिवांनी डोकं खाजवलं. "साहेब, नियमात उंबरठा नाहीच."

"मग मंजूर!"

बाई आनंदानं उठल्या.

"बसा!" सगळे एका सुरात ओरडले. "सह्या व्हायच्यात!"