रामाजींनी ऐकलेला आदेश

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. आता जगात न उरलेले काही देश अजून माझ्या अंगावर नांदतात. दूरच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल जोडून, त्यांवर नकाशाच्या रंगीत पट्ट्या चिकटवून मला घडवलं. तिथून मी चिमूरजवळच्या शाळेत आलो. मुलं मला गरागरा फिरवायची. पुढे नवा गोल आला, माझा आस मोडला आणि मी अडगळीत पडलो.

"ने बाई, इथी सडण्यापेक्षा तुह्या घरी राहू दे याले," म्हणत शिक्षिका आशाबाईंनी मला वर्गातल्या नूतनच्या हाती दिलं. नूतनचे वडील रामाजी यांनी सायकलचा स्पोक घालून मला पुन्हा उभं केलं.

रामाजी फौजेतून परतलेले. धानाची शेती करायचे, फार बोलायचे नाहीत. एकदा नूतननं विचारलं, "बाबा, तुमची चौकी कुठी होती?" त्यांनी माझ्यावर बोट टेकवलं, पण चटका बसावा तसं लगेच उचललं.

सीमेवरच्या लढाईत ते बिनतारी यंत्रावर होते. 'चौकी खाली करा,' असा आदेश त्यांनी ऐकला, साहेबांना सांगितला आणि सगळे चौकी सोडून डोंगर उतरले. चौकी शत्रूच्या हाती गेली. नंतर वरून कळलं, की असा आदेश दिलाच नव्हता. साहेब त्याच हिवाळ्यात वारले. मग ऐकणाराच चुकला, असं ठरलं. गावातही कुजबुज पोहोचली.

नूतन शिकत गेली. देश का लढतात आणि लढताना पडद्याआड काय बोलतात, हाच तिचा विषय. "पोरीच्या जातीनं लढाया शिकून काय करावं?" असं नातेवाईक म्हणायचे. ती नागपूरला गेली, दिल्लीला गेली आणि चंद्रपूरच्या कॉलेजात प्राध्यापक झाली. मला वर्गात नेऊन सांगायची, "या रेषा बंदुकीनं सरकल्या, तशा टेबलाशी बसूनही सरकल्या." तिची पुस्तकं आली, परदेशातून बोलावणी आली. माझा जुनेपणाही तिच्यामुळे कामाला आला.

पण त्या एका लढाईला तिनं कधी हात लावला नाही. तिची सहकारी साधना एकदा घरी आली असताना म्हणाली, "त्याच लढाईवर काऊन लिहत नाईस?"

नूतन माझ्यावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबाच चुकले असतील तर? तेही मलेच लिहावं लागन."

रामाजींना कानाचं यंत्र लागलं, तेव्हा मात्र ती कामाला लागली. पलीकडच्या देशाचे एक निवृत्त राजदूत लॅपटॉपवर बोलले. त्यांनी सांगितलं, की दोन्ही सरकारांनी तो डोंगर रिकामा करायचं गुपचूप ठरवलं होतं. बोलणी फिसकटली आणि मग ते कुणीच कबूल केलं नाही. एकाच माणसाच्या सांगण्यावर नूतन थांबली नाही. तिनं आपल्याकडच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला शोधून काढलं. फोनवर ते म्हणाले, "आदेश मीच दिला होता, तोंडी. नंतर मला गप्प बसवलं."

फोन ठेवून नूतन वडिलांच्या खाटेशी बसली.

"बाबा, तुमी बरोबर आयकलं होतं."

रामाजींनी कानातलं यंत्र नीट केलं. "पुन्हा म्हन."

"आदेश खरा होता. देनारा माणूस भेटला मले. तुमी बरोबर आयकलं होतं."

"मंग माह्यामुळं चौकी नाई गेली?"

"नाई बाबा."

ते रडतील असं मला वाटलं होतं. पण ते हसायला लागले, आधी हळू, मग खाट हलेपर्यंत. "चहा ठेव वो बाई," ते म्हणाले, "साखर जास्त टाक."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणी मान खाली घालून जगत असेल, तर ऐकीव गोष्टीवर त्याचा न्याय करू नका. खरं काय ते शोधा आणि त्याला ते ऐकू येतंय तोवर जाऊन सांगा.