ड्रमकेल्डीची माती

चांदी सापडल्यावर मर्डोने पोलिसांच्या आधी बहिणीला फोन केला. "इश्बेल, बूट चढव आणि ये. सातूच्या शेतात रोमन लोक चमचे विसरून गेलेत!"

इश्बेल रँकिन विद्यापीठात पुरातत्त्व शिकवायची. मर्डो खेकडे पकडायचा आणि फावल्या वेळात धातुशोधक यंत्र घेऊन शेतं पालथी घालायचा. तुकडे केलेली ताटं, चेपलेले वाडगे, चमचे. रोमन सत्ता ढासळत असतानाची ती चांदी होती. ती लुटीची की सीमेपलीकडच्या सरदाराला खूश ठेवायला दिलेली, हा जुना वाद. शेतात वस्तीची खूण नव्हती आणि समुद्र जवळ होता, म्हणून इश्बेलने मांडलं की लुटारूंनी घाईघाईत पुरली. त्यावर पुस्तक लिहिलं, प्राध्यापकपद मिळवलं.

पुढे धातूचे, मातीचे आणि इतिहासाचे जाणकार एकत्र घेऊन तिने नवं संशोधन सुरू केलं. एका दुपारी मातीची अभ्यासक रोना तिच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"घडी घातलेल्या ताटातली माती त्या शेतातली नाही," ती म्हणाली. "त्यात वितळलेल्या दगडाचे काचेसारखे कण आहेत. ते फक्त ड्रमकेल्डीच्या टेकडीवर मिळतात, जळालेल्या किल्ल्याच्या भिंतीत."

ती टेकडी संरक्षित होती. तिथे खणणं गुन्हा होता.

इश्बेल पोचली तेव्हा मर्डो धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता.

"चांदी टेकडीवरून आणून शेतात पुरलीस ना?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "मग? चांदी बदलली का त्याने?"

"खड्ड्यात आणखी काय होतं?"

"कचरा."

"मर्डो, कसला कचरा?"

"कुजकी लाकडी पेटी. आत चामडं, त्यावर लाल मेणाचा ठसा. आणि हाडं... माणसाची. घाबरलो गं मी. सगळं कड्यावरून समुद्रात लोटलं."

इश्बेल ओल्या दगडावर तशीच बसली. ती चांदी कोणी कोणाला दिली, हे त्या ठशाने सांगितलं असतं.

"आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कधी? बाकी सगळ्यांना खोदून खोदून विचारतेस. तुला ते शेतच हवं होतं, इश्बेल. तुझ्या पुस्तकात बरोबर बसत होतं."

तिने त्याच्या हातातला पिंजरा हिसकावून पाण्यात फेकला. तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं अधिकाऱ्यांना कळवलं. मर्डोला शिक्षा म्हणून सक्तीची समाजसेवा लागली, यंत्र जप्त झालं. गावात लोक त्याला 'रोमन' म्हणून चिडवू लागले. इश्बेलने आपलं मत जाहीरपणे मागे घेतलं. रीतसर परवानगीने टेकडी खणली तेव्हा एक रिकामा खड्डा निघाला, कडांवर फावड्याचे घाव असलेला. रोनाच्या मातीवरच्या लेखाला पारितोषिक मिळालं. इश्बेलने टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन सकाळपर्यंत कोणाचा फोन घेतला नाही.

नाताळला आईकडे गेली तर मर्डो आधीच जेवून निघून गेला होता.

"चांदीपायी भाऊ घालवलास," आई म्हणाली.

"चांदीसाठी नाही, आई."

"मग कशासाठी?"

इश्बेलने बटाटे वाढून घेतले. खऱ्यासाठी, आणि सोयीचं म्हणून आपणच मर्डोला कधी विचारलं नाही त्यासाठी; पण हे उत्तर आईला सांगण्यासारखं नव्हतं.