दोराचं दुसरं टोक

जहाज सव्वापाचला दिसेल असं मी सांगितलं होतं. ते पाच एकोणीसला दिसलं. चार मिनिटांच्या चुकीबद्दल रॉय मामाने मला एक शब्द ऐकवला नाही, यावरून तो किती घुश्शात होता ते कळावं.

साउथॅम्प्टनच्या मेफ्लॉवर पार्कात आम्ही पाण्यालगतच्या बाकावर बसलो होतो. जूनमधली सकाळ, वारा जेमतेम. जहाजं बघायला दर शनिवारी येणारी मंडळी घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन आधीच ठाण मांडून होती. लॉरेन मामीने नवी पांढरी पँट घातली होती, कारण दुपारी ती याच जहाजावर चढणार होती. गाडीत दोन बॅगा होत्या आणि दोन्हींना एकाच खोलीच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. मामा मात्र जाणार की नाही, हे अजून ठरायचं होतं.

मामाने एकतीस वर्षं या बंदरात जहाजं धक्क्याला बांधली. धक्क्यावर उभं राहायचं, जहाजातून आलेले दोर लोखंडी खुंटांवर चढवायचे, निघताना ते सोडायचे. त्याच्या टोळीची एक खोड होती. जहाज धक्क्याला कसं लागलं ते बघून ही माणसं कप्तानाला दहापैकी गुण द्यायची. मामीने नॉर्वेच्या बारा दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली तेव्हापासून मामाचं एकच पालुपद होतं, “आधी लागू दे त्याला. सातच्या खाली गेला तर मी येत नाही.”

“म्हणजे दोघांच्या टेबलावर मी एकटीने जेवू?” मामीने आजही विचारलं.

“ग्लेंडाला ने की.” ग्लेंडा म्हणजे माझी आई.

“ग्लेंडाला पलीकडच्या काठाला जाणाऱ्या होडीत उलटी होते.”

“मग माझा काय दोष?”

खरं कारण मामीने मला येताना गाडीत, मामा मागे घोरत असताना, सांगितलं होतं. “घाबरलाय तो. बारा दिवस जहाजावर राहायचं आणि जहाजाला याची काडीची गरज नाही. मेला तरी कबूल करणार नाही. पण मला एकटीने नाही गं जायचं, टॅम्सिन. तो रिटायर झाल्यापासून सात वर्षं वाट बघितलीय मी.”

‘कॉर्निश लार्क’ आता स्पष्ट दिसायला लागली. लांबी दोनशे नव्वद मीटर. मी समोरच्या दिव्याच्या खांबाच्या रेषेत डोळा धरला आणि नाक खांबाला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंतची वेळ मोजली. चौऱ्याण्णव सेकंद. म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून किंचित जास्त, साधारण सहा नॉट. आमची नजर थोडी तिरपी होती, म्हणून पाच टक्के चूक धरली.

“सहा नॉट,” मी म्हटलं.

“साडेपाच,” मामा न मोजता म्हणाला. “आणि अजून कमी करेल बघ.”

वेग खरंच कमी झाला. समोरच्या रुंद पाण्यात जहाज थांबलं आणि जागच्या जागी वळायला लागलं. ओढबोट एकही नव्हती. एवढा चौदा मजली पांढरा डोंगर स्वतःभोवती फिरतोय आणि पाण्यावर फक्त नाकापाशी, बाजूच्या पंख्यांमुळे, फेसाचा एक पट्टा उठतोय. भरतीचं पाणी स्थिरावलं होतं, प्रवाह जवळपास शून्य. अर्धं वर्तुळ पूर्ण व्हायला अकरा मिनिटं लागली. मग ते आडवंच सरकत धक्क्याकडे यायला लागलं. शेवटचे दहा मीटर मी पुन्हा मोजले. सेकंदाला आठ सेंटिमीटर. मुंगळा याहून जोरात जात असेल.

टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मामी मामाकडे बघत होती, जहाजाकडे नाही. “किती?”

मामाने नाक खाजवलं. “साडेआठ.”

“साडेआठ!” मामीने टाळी वाजवली. “मग चल!”

“थांब गं. अजून बांधलं कुठे?”

बागेच्या कुंपणापासून पहिला खुंट साठेक मीटरवर होता. जहाजाच्या कुशीत एक चौकोनी भोक होतं, त्यातून कोणीतरी टोकाला वजन बांधलेली बारीक दोरी फेकली. धक्क्यावरच्या दोघांनी ती ओढली, तिच्यामागून मनगटाएवढा जाड दोर आला, त्याचा फास खुंटावर चढला. मग दुसरा दोर आला. टोळीतल्या दाढीवाल्याने त्याचाही फास उचलला आणि पहिल्याच्या वर सरळ टाकून दिला.

मामा ताडकन उभा राहिला.

“अरे! काय करतोयस! खालून घे, खालून!”

पंख्यांच्या घरघरीत त्याचा आवाज कुंपणापर्यंतही पोहोचला नसेल. मी विचारलं, “काय झालं?”

“एका खुंटावर दोन दोर असले की दुसऱ्याचा फास पहिल्याच्या फासातून खालून वर काढायचा आणि मग खुंटावर चढवायचा. मग कुठलाही आधी सोडता येतो. याने नुसता वर टाकलाय. आता खालचा आधी सोडायची वेळ आली की बसा बोंबलत. बोटं जातात अशाने! जहाजवाल्याने काम चोख केलं आणि माती खाल्ली ती आमच्या माणसांनी.”

तो बाकावर चढला. दोन्ही हात डोक्यावर उंच नेऊन मनगटं एकमेकांवर ठेवली. टोळीच्या भाषेत याचा अर्थ थांबा. मग डाव्या हाताच्या बोटांचं कडं केलं आणि उजवी मूठ त्यातून खालून वर, खालून वर काढायला लागला.

“रॉय! खाली उतर,” मामी दबक्या आवाजात ओरडली. “लोक बघतायत. काय ते घाणेरडे हातवारे!”

घडीच्या खुर्च्यांमधला एक म्हातारा खो खो हसला. धक्क्यावरची माणसं पाठमोरी होती, त्यांना काहीच दिसलं नाही. पण जहाजाच्या त्या भोकातून नारिंगी टोपी घातलेलं एक डोकं बाहेर आलं होतं. त्याने बागेकडे बघितलं, खुंटाकडे बघितलं आणि मागे वळून काहीतरी ओरडला. ताणला जायला लागलेला दोर ढिला पडला. मग त्याने कडक शिट्टी घातली, दाढीवाल्याने वर बघितलं. नारिंगी टोपीने त्याला बोटांचं तेच कडं आणि तीच मूठ दाखवली.

दाढीवाल्याने कपाळावर हात मारला, फास उतरवला आणि खालून वर घेऊन पुन्हा चढवला.

टोपीवाल्याने आमच्याकडे बघून अंगठा उंचावला. मामानेही उंचावला. तो बाकावरून उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मला मघापासून एक प्रश्न पडला होता. “मामा, दोर ढिला कर असं त्याने आत कोणाला सांगितलं? आत किती माणसं असतात?”

“असतील पाचसहा.”

“असतील म्हणजे? आणि दोर आत कशावर गुंडाळतात? एका मोटरवर एकच दोर, की दोन? ताण मोजायला काही असतं का?”

मामा त्या भोकाकडे बघत राहिला. “माहीत नाही,” तो म्हणाला. “भोकातून येतो. भोकात परत जातो. वीस हजार वेळा तरी बघितलं असेल मी. आत कधी गेलोच नाही. आमचं काम धक्क्यावर.”

मामीने आमच्या थर्मासच्या ग्लासात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. “आतलं बघायचं तर आत जावं लागतं,” ती दुसरीकडेच बघत म्हणाली.

“प्रवाशांना नाही सोडत तिथे.”

“विचारलंस कोणाला?”

मामाने चहा संपवला. ग्लास झटकून थर्मासवर उपडा घातला. मग मला म्हणाला, “गाडीची किल्ली दे. माझ्या बॅगेत काय भरलंय ते बघतो.”

बारा वाजता मी त्यांना धक्क्यावरच्या प्रवाशांच्या इमारतीच्या दारापाशी सोडलं. बॅगा उचलणाऱ्या माणसाने मामाच्या हातातली बॅग घ्यायला हात पुढे केला, पण मामा ती सोडेना.

“दोरांची खोली कितव्या मजल्यावर असते हो?”

“साहेब, मला फक्त बॅगांचं माहीत आहे.”

“नारिंगी टोपीवाला एक जण आहे बघा तिथे. त्याची पाळी किती वाजता सुटते?”

“रॉय,” मामी म्हणाली, “बॅग दे त्यांना.”

मामाने बॅग दिली आणि रांगेत त्याच्या पुढे उभ्या असलेल्या, जहाजाच्या गणवेशातल्या बाईच्या खांद्यावर बोटाने हलकेच टकटक केलं.