कादंबऱ्या वाचणारं भूत

घड्याळजींच्या घरातलं भूत कादंबऱ्या वाचत असे. हसू नका, भुतानं झाडावर उलटं लोंबकळायलाच हवं, असा काही कायदा नाही.

दर रविवारी दुपारी घड्याळजींच्या पुढच्या खोलीत वाचणारी मंडळी जमे. शाळेतल्या बाई, दवाखान्यातले कंपाउंडर, स्वतः घड्याळजी आणि चहा देता देता उंबऱ्यात टेकणारी त्यांची धाकटी सून. नव्या कादंबरीवर असे वाद रंगत, की दुरुस्तीला आलेली घड्याळं टोले द्यायला लाजत.

त्या रविवारी एका नावाड्याच्या विधवेवरची कादंबरी होती. कंपाउंडरांचा रुमाल ओलाचिंब. "काय हो ती बिचारी! नवरा गेल्यावर नदीसुद्धा बघू देत नाहीत तिला. मी तर दोनदा रडलो."

"शेवटी तीही रडतेच की," बाई म्हणाल्या.

"रडत नाही." मागच्या बंद दारामागून आवाज आला. कोरडा, विहिरीतून आल्यासारखा. "ती नाव पाण्यात सोडते. नीट वाचा."

बाईंच्या अंगावर काटा आला. घड्याळजी खाकरले. "जुनं घर आहे. असतं काहीबाही. लक्ष देऊ नका."

झालं! गावभर बोभाटा. पुढे मंडळी भुताचं मत ऐकायलाच येऊ लागली. भूत कधी खोकायचं, कधी ताटली आपटायचं. भुताला खोकला कसा, हे कोणी विचारलं नाही. थोरला मुलगा वारल्यापासून घड्याळजींची थोरली सून का दिसत नाही, हेही नाही. विधवेनं चारचौघांत येऊ नये, हसू नये, हा त्या घराचा शिरस्ता; आणि त्या शिरस्त्याची किल्ली घड्याळजींच्या कमरेला. ते दार उघडायचं फक्त जेवणाच्या ताटासाठी.

मग एकदा विटेएवढी जाड कादंबरी आली. त्या रविवारी दार गप्प.

"आज भूत रुसलं वाटतं?" कंपाउंडर म्हणाले.

धाकटीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "रुसलं नाही. कादंबरी जाड आहे. दाराखालून जात नाही."

सगळे कप हातातच राहिले.

"सूनबाई, आत जा!"

"जाते, बाबा. किल्ली द्या. भूत नाहीत त्या, माझ्या जाऊबाई आहेत. देत नसाल तर मलाही कोंडा आत. मग पुढच्या रविवारी चहा तुम्हीच करा."

घड्याळजींनी मंडळींकडे पाहिलं. मंडळी त्या बंद दाराकडे बघत होती. किल्ली कमरेवरून सुटली.

थोरली बाहेर आली. उजेडानं डोळे बारीक झाले होते. ती कंपाउंडरांसमोर थांबली.

"मागे तुम्ही 'बिचारी' म्हणालात. ते कोणाला?"

कंपाउंडर उठले. त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

आता थोरली तिथे बसून सगळ्यांशी कडाकडा भांडते. भूत मात्र मेलं नाही. भुतं कशी मरतील? त्याच संध्याकाळी ते बाईंच्या आणि कंपाउंडरांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलं. रविवारची पुरवणी वाचून 'बिचारी' म्हणणाऱ्यांकडेही ते जातं म्हणे.

पान उलटण्याआधी जरा कान द्या. तुमच्या मागच्या खोलीत कोण खोकतंय?