एका बोटाच्या प्रदक्षिणा

“भरल्या दिवसांची बाई डोईवर तेलानं भरलेला घडा घेऊन कशी चालेल, तसं चालायचं गे. भराभर चाललीस तर तो व्यायाम जाला.”

सीतालक्ष्मीबाईंनी हे सांगितलं त्याला तेहेतीस वर्षं झाली. विद्युलता तेव्हा साताऱ्याहून लग्न होऊन तमिळ मुलखात, मैलापुरात नवीनच आली होती. सासूची मराठी तिला निम्मी कळत नसे. तंजावरचं घराणं, शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळ. पण चालणं कळलं. गल्लीच्या टोकाला पिंपळ, पारावर गणपती आणि नागाचे दगड. पुढे सासू, मागे सून. तेव्हापासून सकाळच्या अकरा प्रदक्षिणांचा नेम विद्युलताने सोडला नव्हता.

सासूबाईंचा हिशोब मोठा होता. तीन वर्षांपूर्वी विजयकुमारांची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकाची, छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसून म्हातारी देवाला बोलून गेली, लेक घरी आला तर पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घालीन. लेक घरी आला. म्हातारी चालायला लागली. रोज एकशे आठ. ताप, पाऊस, ग्रहण, सगळे खाडे वजा जाता अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे झाल्या, आणि यंदा चैत्रात मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता खुर्ची ते पलंग, एवढंच.

तेव्हा तन्मयने, विद्युलताच्या मुलाने, आजीला टॅब आणून दिला. तन्मय सिरुसेरीला मोबाइलचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होता. दिवसभर खेळ खेळायचे आणि त्यातल्या चुका काढायच्या, याचा त्याला पगार मिळे. विद्युलताला हे कोणी विचारलं की ती “कंप्युटरमध्ये आहे” एवढंच सांगत असे.

सासूबाईंचं बोट थरथरे, म्हणून खेळ आधी सुनेला शिकावे लागले. महिनाभर ती इमानाने खेळली, आणि जितकी खेळली तितकं तिचं तोंड वाकडं होत गेलं. मोठ्याने बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सगळं आतल्या आतच मुरत राहिलं.

पहिला खेळ शेताचा. त्यात टोमॅटो दहा सेकंदांत पिकत. गायीकडे एक दिवस लक्ष दिलं नाही की ती घळाघळा रडे, आणि एक मोहोर टाकली की लगेच हसे. अशी गाय विद्युलताने कधी पाहिली नव्हती. माणसं पाहिली होती.

दुसरा मिठाईचा. तीन लाडू एका ओळीत आले की फुटत, आणि एक अदृश्य बाई किंचाळे, “अप्रतिम!” विद्युलताने या घरात तेहेतीस वर्षं लाडू वळले, कोणी कधी एवढ्या जोरात दाद दिली नव्हती. आणि इथे तर खायचेही नव्हते, फोडायचे होते. अन्न फोडून हसणारी बाई कोणत्या घरातली असेल, असा तिला प्रश्न पडे.

तिसरा खेळ तन्मयच्याच कंपनीचा. देवळाचा. रेशमी लुगड्यातली एक ठेंगणीठुसकी बाई पिंपळाभोवती पळे. चालत नसे, पळे, आणि तेही नाचत. दर फेरीला घंटा, दर दहा फेऱ्यांना आकाशातून फुलं. एक दिवस चुकला तर खाडा भरून काढायची सोय होती: टूथपेस्टची जाहिरात अर्धा मिनिट पाहायची. वर ‘आजचे श्रेष्ठ भक्त’ अशी यादी. पहिला नंबर कोणा कौशिकचा, चार लाख प्रदक्षिणा. देवाच्या दारातही नंबर लावून ठेवला होता मेल्यांनी.

“कसा आहे, अम्मा?” तन्मयने विचारलं. “खरं सांग. आम्हांला फीडबॅक हवाच असतो.”

“घंटा चांगली आहे.”

“बस? घंटा?”

“बाकीचं ऐकवणार नाही तुला.”

तो हसला. “तुला आवडायला पाहिजे खरं तर. रोज यायला लावणारा खेळ आहे. एकही दिवस चुकवायचा नाही. तुझा नेम तरी वेगळं काय असतं?”

“माझा खाडा पडला तर तो पडलेलाच राहतो रे,” विद्युलता हळूच म्हणाली. “दात घासून भरून निघत नाही.”

असे दिवस गेले. सासूबाई शेताकडे आणि लाडवांकडे ढुंकून पाहत नसत, पण देवळाचा खेळ उशाशी असे. विरंगुळा आहे, असं सगळ्यांना वाटलं. श्रावणातल्या एका शुक्रवारी मात्र त्यांनी हाक मारली.

“विद्युलते, इकडे ये गे. वाध्यारांना फोन लाव.” इकडे भटजींना वाध्यार म्हणतात. “उद्यापन करायचं. लक्ष जालं.”

त्यांच्या मांडीवर जुनी वही होती. अठ्ठ्याऐंशी हजार दोनशेच्या पुढे, पेन्सिलीने, अकरा दिवसांच्या नव्या रेघा ओढलेल्या. शेवटी एकावर पाच शून्यं. विद्युलताला आधी उमजेचना. मग टॅबवरची ठुसकी बाई दिसली. ती अजून पळतच होती. खाली एक बटण होतं, एकदा दाबलं की बाई आपली आपण पळत राही.

ती बाहेर आली. हॉलमध्ये बापलेक कॉफी पीत बसले होते. तिने सांगितलं.

“मग करून टाक की उद्यापन,” विजयकुमार पेपरमागून म्हणाले. “आईला समाधान आहे ना? तू कशाला नसत्या शंका काढतेस? देवाला काय, टॅब चालत नाही?”

तन्मय तर उठूनच उभा राहिला. “आजीने लक्ष पुरं केलं? सुपर! अम्मा, मी ऑफिसात सांगू? तिचा होमाजवळचा फोटो मिळाला तर जाहिरातीत घेतील. ब्याऐंशी वर्षांची भक्त, घरबसल्या...”

“तन्मय,” विद्युलता म्हणाली. तिचा आवाज नेहमीएवढाच होता. “तुझ्या छातीवर टाके नाहीत, तुझ्या बाबांच्या आहेत. त्या टाक्यांसाठी ती चालत होती. त्याची जाहिरात करणार असशील तर आधी टूथपेस्टवाल्याला विचार, तो किती सेकंद देतो.”

पेपर खाली आला. विद्युलता आत गेली आणि दार लोटून घेतलं.

खोटं उद्यापन करून देणं सोपं होतं. नारळ आणायचे, सुवासिनी जेवू घालायच्या. आणि खरं सांगणंही सोपं होतं. त्यानंतर म्हातारीने उरलेल्या रात्री कशा काढायच्या, हा प्रश्न मात्र होता. ती पलंगाच्या कडेला बसली.

“आई, काल दुपारी तुम्हांला छान झोप लागली होती.”

“होय गे.”

“तेव्हाही ती चालत होती?”

सासूबाईंनी टॅब पालथा घातला. बराच वेळ त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“मला ठाऊक नाहीं, असं वाटलं काय गे तुला?” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशींच ठाऊक होतं. पण पाय कोठून आणूं? लेक मागून घेतला, तो दिला त्यानं. आतां माझं देणं ठेवून गेलें, आणि विजूला काही जालं, तर? मेल्यावर कोण फेडील? म्हणून म्हटलं, कोणी तरी चालतं आहे ना, चालूं दे.”

विद्युलताने वही ओढून घेतली, तन्मयच्या टेबलावरचं खोडरबर आणलं आणि अकरा दिवसांच्या रेघा खोडल्या. सासूबाई पाहत होत्या. मध्येच त्यांनी बोटाने एक राहिलेली रेघ दाखवली. तीही खोडली.

“राहिलेल्या मी घालते,” विद्युलता म्हणाली. “तुमच्या नावाचा संकल्प सोडून. शास्त्राला चालतं, घरातल्याने घातलेलं. कार्तिक सरेपर्यंत होतील.”

“तुझ्या नेमाच्या अकरा?”

“त्या वेगळ्या. त्यांत हात घालायचा नाही.”

“गुडघे दुखतात ना गे तुझे?”

“दुखतात.”

सासूबाईंनी मान हलवली. “विजूला सांगूं नको. लाजेल. आणि त्या पोराला तर मुळींच नको, फोटो काढायला येईल.”

“कोणालाच सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. आंघोळ, देवपूजा उरकून विद्युलताने तांब्या भरला, पळी घेतली, तुळशीची चार पानं घेतली. तन्मय सुट्टीचा झोपला होता. विजयकुमार गॅलरीत होते.

“आज लवकर निघालीस?”

“हं,” ती म्हणाली.

आतून सासूबाई जाग्या असल्याची खोकल्याची खूण आली. विद्युलताने चपला घातल्या नाहीत. कडी आवाज न करता काढली, दार ओढून घेतलं, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.