सोललेले मरुद

शनिवारी सकाळी कालव्याकडून कोयत्यांचा आवाज आला, तशी राजम परसदारानं अनवाणीच बाहेर पडली. ती तिरुवैयारुच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, वय बावन्न. १९९५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. भाताची कापणी आटोपली होती, कालवा कोरडा होता आणि पात्रात एक लॉरी उभी होती. काठावर मरुदांची रांग. वैद्य त्यालाच अर्जुन म्हणतात. त्यांतल्या चार झाडांची साल कमरेपासून वर हातभर, चहूबाजूंनी सोलून काढलेली होती. पाचव्यावर कोयता पडणार, तोच राजम त्याच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

ठेकेदार चिदंबर पुढं आला. तोही राजमसारखाच तंजावरच्या मराठी घरातला.

"अक्का, हृदयाच्या औषधाला नेतो. आता कॅप्सुला परदेशी जातात. चांगलं काम आहे."

"आमचे वैद्यही न्यायचे. एका अंगाची, वीतभर, तीही वरवरची. आतली साल राखायचे, दोन वर्षांत ती पुन्हा भरायची. तू तर गळाच कापलास. पानांतलं अन्न आतल्या सालीतनंच मुळांना जातं."

चिदंबरनं खिशातून परवान्याचा कागद काढला. राजमनं तो उभ्यानं वाचला.

"यात मेलेली झाडं लिहिलंय. ही जिवंत आहेत."

"चार-सहा महिन्यांत मरतील," तो शांतपणे म्हणाला. "मग कागद खरा होईल. लाकूडही मलाच मिळेल."

"मग मी ती मरू देणार नाही."

ती खोडापासून हलली नाही. उन्हं डोक्यावर आली, माणसं भुकेली झाली, आणि मिळाली तेवढी साल घेऊन लॉरी निघून गेली.

परवान्यावरचा शिक्का तिच्या थोरल्या भावानं, हनुमंतरावांनी मारला होता. परवाने देणाऱ्या कालव्यांच्या सरकारी कार्यालयात ते कारकून होते.

"साहेबांनी सही केली, मी शिक्का मारला," ते म्हणाले. "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी. यात पडू नकोस, राजम."

"मी तुम्हाला काही करायला सांगितलं का, अण्णा? फक्त शिडी द्या."

शिडी त्यांनी दिली, धरायला मात्र आले नाहीत. राजमनं पदर खोचला, वर चढून त्याच झाडांच्या पेन्सिलीएवढ्या कोवळ्या फांद्या कापल्या. सोललेल्या पट्ट्याच्या वर आणि खाली सालीत चिरा देऊन एकेका फांदीची दोन्ही टोकं आत सरकवली, बारीक खिळ्यांनी ठोकली, सांध्यांवर वितळवलेलं मेण ओतलं. फांदीचा शेंडा वरच राहायला हवा, उलटी लागली तर जगत नाही. एका झाडाला आठ फांद्या, म्हणजे अन्न मुळांकडे उतरायला आठ पूल. वर ओलं गोणपाट. तिनं हे पुस्तकात वाचलं होतं, फळ्यावर काढून दाखवलं होतं, हातांनी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोटं इतकी सुजली की खडू धरवेना.

येणारेजाणारे सायकली थांबवून हसत. मेलेल्याला टाके घालते टीचर, म्हणत. चैत्रात चारही झाडांना पालवी फुटली तेव्हा हनुमंतराव म्हणाले, "जगली म्हणायची."

"ही आतल्या साठ्यावरची पालवी. मुळं उपाशी आहेत की नाही, ते अजून कळायचंय."

मे महिन्यात पहिल्या झाडाची पानं तांबूस होऊन गळाली. माकडांनी तिथलं गोणपाट फाडलं होतं, फांद्या सुकून काड्या झाल्या होत्या. त्या दिवशी ती जेवली नाही. मग उठून उरलेल्या तिघांना पाणी घालून आली.

आडी महिन्यात, जुलैच्या मध्यावर, कालव्याला पाणी आलं आणि मेलेल्या झाडांवर खूण करायला साहेब आले. बरोबर चिदंबर, आणि नोंदवही घेऊन हनुमंतराव. पहिल्या झाडावर लाल रंग लागला. साहेब दुसऱ्याकडे वळले.

"हेही गेल्यातच जमा," चिदंबर म्हणाला. "साल चौफेर गेलीय."

राजमनं गोणपाट सोडलं. फांद्या आता अंगठ्याएवढ्या जाड होत्या, सांध्यांवर गाठी फुगल्या होत्या. तिनं नखानं एक फांदी खरवडली. आत ओलं, हिरवं.

"रंग लावायचा असेल तर आधी हे मेलंय असं लिहून द्या," ती साहेबांना तमिळमध्ये म्हणाली. "आणि साल जिवंतपणी कुणी काढली, तेही लिहा."

साहेबांनी घाम पुसला. "एक मृत, तीन जिवंत. लिहा, हनुमंतराव. पुढचं नको."

हनुमंतरावांनी लिहिलं. मग पुढचंही लिहिलं: परवाना मृत झाडांचा, साल जिवंत झाडांची काढली, ठेकेदार चिदंबर. खाली तारीख घालून वही साहेबांपुढं सहीला धरली. साहेबांनी बराच वेळ ओळी वाचल्या. काठावर पाचपंचवीस माणसं उभी होती. शेवटी त्यांनी सही केली.

चिदंबरचा त्या कालव्यावरचा परवाना रद्द झाला. खालच्या दोन कालव्यांवरचे मरुद मात्र पुढच्या वर्षी सोलले गेलेच. हनुमंतरावांची बदली ओरत्तनाडुला झाली आणि उरलेली वर्षं त्यांनी रोज दोन बस बदलून काढली. त्याबद्दल बहिणीला ते कधी बोलले नाहीत.

राजमला शाळेच्या चालकांकडून पत्र आलं: शिक्षिकेनं रस्त्यावर शिडी लावून झाडावर चढणं शोभत नाही, खुलासा द्यावा. तिनं खुलासा दोन वाक्यांत दिला. झाडावर चढले होते हे खरं. पुन्हा कुणी साल काढली, तर पुन्हा चढेन.