सहाव्या कातीवरचा अंगठा

मेहुण्यानं जीपच्या दारावर पाटी रंगवून घेतली होती : ‘रात्रीचं चमकतं वाळवंट. विंचू दिसणारच. पौर्णिमेला खास फेरी.’ फ्रिजवाल्यानं ती पहिल्यांदा वाचली तेव्हा जीप एका हॉटेलखाली उभी होती आणि तो पहिल्या मजल्याच्या सज्जावर, एसी दुरुस्त करत उकिडवा बसला होता. पाटीतला पहिला भाग ठीक होता. दुसरा बढाई होती. तिसरा निव्वळ गाढवपणा. पौर्णिमेला विंचू सहसा बाहेर पडत नाहीत. लख्ख उजेडात आपणच कुणाचं तरी जेवण होऊ, एवढी अक्कल त्यांना असते. मेहुण्याला तेवढीही नव्हती.

हे ज्ञान फ्रिजवाल्याचं स्वतःचं नव्हतं, बायकोचं होतं. बायको जाऊन पाच महिने झाले होते.

सुरुवात त्याच्याच हत्यारानं झाली होती. एसीचा गॅस कुठून गळतो ते सापडत नसलं की नळीत पिवळा रंग सोडतात आणि वरून जांभळ्या उजेडाची बॅटरी मारतात. जिथं गळती, तिथं रंग पेटल्यासारखा दिसतो. एका रात्री वीज गेली. बायको हाताला लागली ती बॅटरी घेऊन मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि ओरडली, “अहो, बाहेर या! विंचू पेटलाय!”

“मग पाणी ओत,” असं म्हणून त्यानं कूस बदलली.

त्यानंतर तेरा वर्षं ती अंधाऱ्या रात्री गावाबाहेरच्या दगडांत जात राहिली. निघताना दर वेळी म्हणायची, “चला की एकदा.” तो म्हणायचा, “दिवसभर तीच बॅटरी घेऊन फिरतो मी. आता रात्रीची पाळी पण करू?” मित्रांत तो हसून सांगायचा, लोकांच्या बायका दागिने बघतात, आमची विंचू बघते. मित्रही हसायचे.

एकदा तिनं आईच्या पाठीवरून नुकतंच उतरलेलं एक पिल्लू आणलं आणि चार वर्षं काचेच्या बरणीत वाढवलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पिल्लानं सहा वेळा कात टाकली. जिवंत विंचवासारखीच कातही त्या उजेडात हिरवी-निळी चमकते. पुढचे चिमटे, पाय, नांगी, सगळं जागच्या जागी. आत फक्त विंचू नसतो. नवऱ्याचा वॉशर ठेवायचा कप्प्यांचा डबा तिनं पळवला आणि सहा कप्प्यांत सहा काती ठेवल्या. पहिली गव्हाच्या दाण्याएवढी, सहावी बोटाएवढी. प्रत्येक कप्प्यात चिठ्ठी. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पहिली. एकटीनं टाकली.’

ती सहावी ठेवत असताना तो वॉशर शोधत आला होता. “हे काय कचऱ्याचं प्रदर्शन?” म्हणून त्यानं ती कात उचलून पाहिली. हाताला कामाचा पिवळा रंग लागलेला. पाठीवर अख्खा अंगठा उमटला. बायको त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं तर चिठ्ठीवर भर पडली होती : ‘सहावी. पाठीवरचा डाग यांचा.’

बायको गेल्यावर महिन्याभरानं मेहुणा आला. “ताईच्या बॅटऱ्या नेऊ का? पडूनच आहेत.” फ्रिजवाल्यानं हात हलवला. नेऊ दे. आठ दिवसांनी त्यानं माळ्यावर पाहिलं तर डबाही नव्हता. विचारलं, तर मेहुणा म्हणाला, “कसला डबा? भाऊजी, तुम्ही जरा विश्रांती घ्या.”

खोटं बोलताना मेहुणा नेहमी दुसऱ्याला विश्रांती घ्यायला सांगतो, हे फ्रिजवाल्याला ठाऊक होतं. पण पुरावा नव्हता. आणि तो डबा सोडला तर त्या तेरा वर्षांतलं त्याच्या घरात काही उरलं नव्हतं. विंचवांच्या नोंदींच्या वह्या तिनं स्वतःच कॉलेजच्या कुणा बाईंना देऊन टाकल्या होत्या. नवऱ्याला देऊन काय उपयोग, हे तिला माहीत होतं.

पौर्णिमेला तो जीपमध्ये जाऊन बसला.

“भाऊजी, तुम्ही?” मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“पाटी वाचली. विंचू दिसणारच म्हणे.”

जीपमध्ये आणखी सात जण होते. सगळे पांढरे कपडे घालून आलेले. मेहुण्यानंच तसं सांगितलं होतं, फोटो छान येतात म्हणून. दगडांपाशी उतरून सगळ्यांनी जांभळ्या उजेडाच्या बॅटऱ्या पेटवल्या आणि सातही जण साबणाच्या जाहिरातीसारखे झळाळले. जो तो दुसऱ्याचा सदरा बघून खूश. विंचू बघायला आलेली ही माणसं धोब्याच्या दुकानात उभी केली असती तरी एवढीच रमली असती.

“आवाज नको,” असं मेहुणा ओरडून म्हणाला. “माझा या प्राण्यांवर पंधरा वर्षांचा अभ्यास आहे.”

पंधरा वर्षांपूर्वी मेहुणा झुरळाला भिऊन पलंगावर चढत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण नागोबाला निदान फणा तरी असतो.

पहिला ‘विंचू’ एका सपाट दगडावर होता. “तीन हात लांब उभे राहा! झोपलाय. झोपेत फार चिडका असतो.” सगळ्यांनी श्वास रोखून फोटो काढले. दुसराही झोपलेला. तिसराही. एका जाड मिशीवाल्यानं विचारलं, “रात्री फिरणारा प्राणी ना हा? मग सगळे झोपलेत कसे?”

“पौर्णिमेचा परिणाम,” मेहुणा म्हणाला.

पाचवा सर्वांत मोठा होता. मेहुण्यानं तो शेवटी ठेवला होता. सगळे पुढे सरसावले आणि फ्रिजवाल्यानं आपली बॅटरी त्यावर मारली. हिरव्या-निळ्या पाठीवर एक पिवळाधमक लंबगोल. रेषांसकट.

तो वाकला आणि त्यानं विंचू चिमटीत धरला. दगडाला गोंदानं चिकटवला होता. नखानं हळूच सोडवावा लागला. मागे दोघी किंचाळल्या.

“भाऊजी! काय करताय?”

“माझा अंगठा घेऊन चाललोय.”

कुणाला काही कळेना. त्यानं आपला अंगठा कातीशेजारी धरून दाखवला. मग तो उलट चालत गेला आणि वाटेतली बाकीची चारही ‘झोपलेली’ जनावरं सोडवून रुमालात घेतली. मेहुणा मागून येत होता. “घरी बोलू ना. लोकांसमोर कशाला? ताई असती तर तिला आनंदच झाला असता...”

“ताईचं नाव घेऊ नकोस. पहिली कुठंय?”

“कुठली पहिली?”

“गव्हाएवढी.”

मेहुण्यानं पायवाटेकडे बॅटरी वळवली. त्यानं ती पायवाटेच्या कडेला ठेवली होती, पिल्लू म्हणून दाखवायला, आणि दाखवायचं विसरला होता. आता तिथं काही नव्हतं. फ्रिजवाल्यानं सातही जणांना ओळीनं उभं केलं. “पाय वर.” घोड्याला नाल मारताना धरतात तसा एकेकाचा पाय धरून तो तळवा बघू लागला. मिशीवाल्याच्या बुटाच्या खाचेत हिरवी-निळी भुकटी चमकली. गुडघ्यावर बसून त्यानं ती काडीनं कोरून कागदावर घेतली. मिशीवाला एका पायावर डुगडुगत म्हणाला, “अहो, एवढं काय आहे त्यात?”

“तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही सदरे बघा.”

मेहुण्यानं जीपमधून डबा आणून दिला. चिठ्ठ्या शाबूत होत्या. फ्रिजवाला जीपच्या बॉनेटवर डबा ठेवून एकेक कात आपापल्या कप्प्यात ठेवू लागला. भुकटी पहिल्या कप्प्यात गेली.

गटातली एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं चिठ्ठ्या वाचल्या, सावकाश, सगळ्या. मग विचारलं, “आणि खरे विंचू कुठं असतात?”

फ्रिजवाल्यानं दगडांकडे पाहिलं. चांदण्यात सगळे दगड सारखेच दिसत होते.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “जिला माहीत होतं तिनं तेरा वर्षं बोलावलं. मी गेलो नाही.”

सात जणांवर रात्रभर हसण्याचा त्याचा बेत होता. ही माणसं मूर्ख होती, पण आली तरी होती. तो एकदाही आला नव्हता.

“मग शोधा की,” म्हातारी म्हणाली. “हातपाय धडधाकट दिसताहेत.”

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

“अमावस्येला या. तोवर बघतो. आणि हे पांढरे कपडे घालून आलात ना, तर हाकलून देईन.”